शाळेच्या गेटपासून पन्नास मीटर

पालकसभेत मुलांच्या वाढत्या वजनाचा विषय निघाला की तो फिरून फिरून आयांवर येतो. घरी काय देता, टीव्हीसमोर किती वेळ बसू देता, वगैरे. नाशिकच्या आमच्या शाळेत सहावीच्या पालकांतर्फे मी पालक-शिक्षक संघाच्या समितीवर गेले, तेव्हा माझं म्हणणं एवढंच होतं: मूल दिवसातले सहा तास ज्या आवारात काढतं तिथे दहा-वीस रुपयांत हाताशी काय मिळतं आणि पळायला जागा कितपत आहे, ते आधी बघू.

नियम आमच्या बाजूने होते, फक्त समितीत ते कुणाला ठाऊक नव्हते. चिप्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर, गॅसची थंड पेयं शाळेच्या कॅन्टीनमध्ये विकू नयेत, असा शासन निर्णय राज्य सरकारने मे २०१७ मध्येच काढलेला आहे. त्याऐवजी काय ठेवावं याची यादीही त्यात आहे. २०२० मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पुढचं पाऊल टाकलं. जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेत तर नकोतच, पण गेटपासून ५० मीटरच्या आतही त्यांची विक्री नको, जाहिरात नको. दोन्ही कागद छापून मी मुख्याध्यापिकांपुढे ठेवले. त्या म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे, पण उद्या कॅन्टीनवाले भाऊच सोडून गेले तर?"

म्हणून भाऊंकडे गेले. या सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात जास्त कुणी शिकवलं असेल तर त्यांनी. त्यांनी वही उघडून दाखवली. "ताई, पाकीट आज नाही गेलं तर उद्या जातं. उपमा उरला की गेला. शनिवारी अर्धी शाळा, परीक्षेत पोरं खात नाहीत, सहलीच्या दिवशी वर्ग रिकामे. मी किती शिजवू ते मला कोण सांगणार?" ताजं अन्न विकणाऱ्याला नासाडीची भीती असते आणि पाकिटं विकणाऱ्याला ती नसते. आमचं सगळं घोडं इथेच अडलं होतं. मुलांना कितीही भाषणं दिली असती तरी ते हललं नसतं.

मग कुपन आलं. सोमवारी आठवड्याची कुपनं घ्यायची, उद्याचा पदार्थ आज फळ्यावर लिहायचा, हजेरी झाली की वर्गप्रतिनिधीने उद्याचा आकडा भाऊंना नेऊन द्यायचा. संस्थेने पहिल्या सत्रापुरतं कॅन्टीनचं भाडं कमी केलं. त्यासाठी बऱ्याच विनवण्या कराव्या लागल्या, पण त्याशिवाय भाऊ तयार झाले नसते, आणि त्यांनी का व्हावं? सुरुवातीला मुलांनी उपम्याला नाकं मुरडली. मटकीची उसळ मात्र चालली, तीही भाऊंच्या डोक्यामुळे. मधली सुट्टी एवढीशी, ताट घेऊन बसायला वेळ कुणाला? त्यांनी मटकी कोरडी परतली, वर कांदा-कोथिंबीर घालून लिंबू पिळलं, पोळीत गुंडाळून कागदात दिली. मुलं ती हातात धरून पळतपळत खातात. द्राक्षांच्या हंगामात एक बागायतदार पालक घरचा माल वाजवी भावात देतात.

गेटबाहेर भजी-गोळ्याची गाडी लावणाऱ्या मावशींची तक्रार करून गाडी उचलायला लावू, असं काही पालकांचं मत होतं. मी कडाडून विरोध केला. त्या गाडीवर त्यांचं घर चालतं. मावशींना नियम समजावला तर म्हणाल्या, "पोरं मागतील ते मी विकते बाई, मला भज्यांचं प्रेम नाही." आता शाळेच्या वेळेत त्यांच्याकडे उकडलेल्या शेंगा, मक्याचं कणीस, तिखटमीठ लावलेला पेरू असतो, आणि भज्यांची कढई संध्याकाळी चौकापलीकडे लागते. शेजारच्या दुकानदाराने तेवढं मनावर घेतलं नाही. पाकिटांच्या माळा त्याने आत नेल्या, विक्री चालूच आहे.

सीबीएसईने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना कशात किती साखर असते ते दाखवणारे फलक लावायला सांगितलं. आमची शाळा राज्य मंडळाची, तरी विज्ञानाच्या सरांनी लगेच तसा फलक करायला घेतला. तीनशे मिलिलिटर कोलाची बाटली आणि तिच्यातली साखर, सुमारे ३२ ग्रॅम म्हणजे आठ चमचे, काचेच्या वाटीत काढून शेजारी ठेवली. मोठ्या माणसानेही दिवसाला सहा चमच्यांच्या आत राहणं उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती वाटी बघून पालकच जास्त वेळ थबकत होते.

एका गोष्टीवर मी अडून बसले. कुणीतरी सुचवलं की वर्गावर्गात वजनं घेऊ, महिनाभरात ज्याचं जास्त उतरेल त्याला बक्षीस देऊ. ज्या मुलाला आधीच सगळे 'ढब्बू' म्हणतात त्याला आणखी वजनकाट्यावर उभं करायचं? शिवाय वाढत्या वयात मुलांनी आपल्या मनाने उपाशी राहणं घातक. आणि आपल्या राज्याचं चित्र तरी बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २३.४ टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ आढळल्या, तर २०.८ टक्के कमी वजनाच्या. एकाच बाकावर दोन्ही प्रकारची मुलं बसतात. शेवटी ठरलं की वजन-उंची फक्त डॉक्टर घेतील, बंद खोलीत, आणि चिठ्ठी पाकिटातून पालकांकडे जाईल.

मैदानाचं काम सगळ्यात लांबलं. पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल हवी. आमच्याकडे पीटीचा तास गणिताचा पोर्शन संपवण्यात जायचा आणि शाळा सुटली की गेटला कुलूप लागायचं. पीटीचा तास दुसऱ्या विषयाला द्यायचा नाही, हे मुख्याध्यापिकांनी लेखी काढलं. संध्याकाळी मैदान उघडायला संस्था घाबरत होती, कुणाला लागलं तर जबाबदार कोण? पालकांची हमीपत्रं, नोंदवही, वॉचमनच्या जादा वेळेचे पैसे पालकांच्या वर्गणीतून, आणि रोज दोन पालकांची पाळी, एवढं कागदावर आल्यावर परवानगी मिळाली.

आठवी-नववीच्या मुली तरीही येईनात. अंधार पडतो आणि मोठी मुलं मैदान अडवतात, असं त्यांनीच सांगितलं. हॅलोजन लावला, पाळीत एक बाई असेलच असं ठरवलं, मैदानाचा अर्धा भाग मुलींसाठी आखून दिला. आता लंगडी आणि डॉजबॉल जोरात असतात. गल्लीतले आजी-आजोबाही कडेने फेऱ्या मारतात.

तुमच्या शाळेत असं काही करायचं असेल तर कॅन्टीनचा करार कधी संपतो ते आधी विचारा. नवा करार होतानाच पदार्थांची यादी आणि भाड्याची सवलत त्यात लिहून घेता येते. आमचा करार उन्हाळ्याच्या सुट्टीत संपतोय. सवलत पुढेही राहावी म्हणून संस्थेला पत्र दिलंय, आणि कुपनांचा वर्षभराचा हिशेब भाऊंनी स्वतः लिहून त्याला जोडलाय.