कागद आमच्या नावावर, ताबा मात्र दुसऱ्याकडे

मामाच्या जमिनीच्या केससाठी दीड वर्ष झालं कोर्टात फेऱ्या मारतोय. मालकी वेगळी आणि ताबा वेगळा, हे आम्हाला कुणी सुरुवातीलाच बसवून समजावलं असतं तर यातलं बरंच टळलं असतं, म्हणून लिहितोय.

झालं असं की पावसाळ्यात शेजारच्याने बांध सरकवून साडेतीन गुंठे आत घेतले आणि तारेचं कुंपण घातलं. मामा नोकरीमुळे बाहेरगावी. खरेदीखत आमचं, सातबारा आमच्या नावावर, मग घाबरायचं कशाला असं म्हणत घरात चर्चा, गावात बैठक, पाहुण्यांची मध्यस्थी यात आठ महिने गेले. नंतर कळलं की कुणी तुमच्या मर्जीविरुद्ध, कोर्टाची पायरी न चढता ताबा काढून घेतला तर स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट १९६३ च्या कलम ६ खाली ६ महिन्यांत दावा लावता येतो आणि त्यात मालक कोण हे कोर्ट बघतच नाही, आधी ताबा कुणाचा होता आणि तो कसा गेला एवढंच बघतं. शेतजमिनीसाठी मामलेदार कोर्ट कायदा १९०६ खाली तहसीलदारांकडेही जाता येतं, तिथेही मुदत ६ महिनेच. दोन्ही मार्ग हातचे गेले. हक्क बुडाला नव्हता, मालकीच्या जोरावर ताबा मागायला १२ वर्षं असतात, पण मग मालकी शाबित करणं, मोजणी, साक्षीदार सगळंच आलं.

दुसरी चूक अर्जात. घाईत आम्ही दावा लावला तो नुसत्या मनाईचा, म्हणजे प्रतिवादीने आमच्या ताब्यात हरकत करू नये असा, आणि सोबत निशाणी ५ (कोर्टाच्या फायलीत त्या अर्जाला पडणारा क्रमांक) चा तात्पुरत्या मनाईचा अर्ज, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३९ नियम १ आणि २ खाली. समोरच्याने कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, एकच मुद्दा लावून धरला, दाव्याच्या तारखेला वादी ताब्यातच नाही. आणि ते खरंच होतं! कुंपण त्यांचं, आत पीक त्यांचं. हरकत करू नका म्हणायला आधी ताबा आपल्याकडे पाहिजे ना. अर्ज नामंजूर झाला. त्या दिवशी मामा कोर्टाच्या पायऱ्यांवर कितीतरी वेळ बसून होता, एक शब्द बोलला नाही.

मग त्याच संहितेच्या ऑर्डर ६ नियम १७ खाली दावा दुरुस्तीचा अर्ज दिला आणि मालकी ठरवून ताबा परत मिळावा ही मागणी घातली. ही दुरुस्ती पुरावा सुरू व्हायच्या आधीच करून घ्या, नंतर मागितली तर नीट काळजी घेऊनही आधी का जमलं नाही हे कोर्टाला पटवावं लागतं. आमची वेळेत झाली.

आता समोरचे म्हणतात आमची वहिवाट बारा वर्षांच्या वरची आहे, म्हणजे अ‍ॅडव्हर्स पझेशन, मालकाविरुद्ध ताबा ठेवून जमीन आपलीच झाली असा बचाव, मराठीत विरुद्ध ताबा. हे ऐकून घरचे हबकले, पण नुसतं १२ वर्षं वापरलं म्हणून जमीन होत नाही, ताबा उघड, सलग आणि खऱ्या मालकाचा हक्क नाकारून असावा लागतो. राखणदार, किंवा परवानगीने राहिलेला नातेवाईक, त्याचा ताबा कितीही वर्षांचा असला तरी तसा धरत नाहीत. शिवाय त्याच कैफियतीत ते असंही म्हणतात की तुकडा मुळात आमच्याच गटातला. अहो, मग विरुद्ध ताबा कुणाविरुद्ध? दुसऱ्याची मालकी मानल्याशिवाय हा बचाव उभाच राहत नाही, आमच्या वकिलांनी याच्यावरच बोट ठेवलंय.

पुढच्या तारखेला कोर्ट कमिशनर (कोर्टाने जागेवर पाठवलेला माणूस) नेमून मोजणी करण्याच्या अर्जावर सुनावणी आहे. मामा रोज रात्री जुने पीक पाहणीचे उतारे वर्षाप्रमाणे लावत बसतो, कुंपण घातलं जायच्या आधीच्या वर्षांपर्यंत ते सगळे आमच्या नावाचे आहेत.