बेंच बदलून मिळेपर्यंत

घरी व्यायामाचा बेंच घेताना एक गोष्ट आधी सांगते: रिटर्नची मुदत संपेपर्यंत खोकं टाकू नका. मी टाकलं आणि एकोणीस दिवस मनस्ताप भोगला.

जुळे सोलापुरातून पहाटे जिमला जायचं, तर पाण्याच्या दिवशी खाडा ठरलेलाच. नळाला चार-पाच दिवसांतून एकदा पाणी, तेही भल्या पहाटे. म्हणून घरीच डंबेल घेतले आणि पाठ वर-खाली करता येईल असा बेंच ऑनलाइन मागवला. दोन दिवसांत आला, तासाभरात जोडला.

सपाट ठेवून आठवडाभर काही जाणवलं नाही. मग पाठ तिरकी केली. पाठ त्या कोनात अडकवून ठेवणारी पिन तिसऱ्या भोकात पूर्ण आत जाईना, अर्धं बोट बाहेरच. आठ-आठ किलोचे डंबेल घेऊन टेकले की पाठीचा पॅड कट्‌कन खाली सरकायचा. डंबेल छातीवर असताना तो सरकणं म्हणजे काय, हे अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. बॅटरी धरून पाहिलं तर भोक लांबट कापलेलं होतं.

तक्रार केली. पहिले तीन दिवस 'व्हिडिओ पाठवा'. पाठवला. 'स्पष्ट नाही'. पुन्हा पाठवला. मग 'तुम्ही जास्त वजन टाकलं का?' माझं वजन ६६, डंबेल १६, एकूण ८२ किलो. लेबलवर छापलंय २०० किलो. हे मी चार वेगवेगळ्या माणसांना चार वेळा सांगितलं, कारण दर फोनला नवा माणूस आणि पहिल्यापासून गोष्ट.

शेवटी बदलून द्यायचं कबूल केलं. पोरगा आला तो दुचाकीवर. "ताई, मला छोटं पार्सल सांगितलंय, हे कसं नेऊ?" त्याची काहीच चूक नव्हती, उन्हातून आलेला, पाणी पिऊन गेला. दुसरा टेम्पो घेऊन आला, पण मूळ खोक्याशिवाय उचलायचं नाही म्हणाला. खोकं रद्दीत गेलेलं. फ्रिजच्या दुकानातून पुठ्ठा मागून आणला, आम्ही दोघांनी रात्री बसून बेंच बांधला, अख्खा चिकटपट्टीचा रोल संपवला.

तिसऱ्या खेपेला मी अर्धा दिवस रजा टाकली. दार उघडं ठेवून समोरच खुर्चीत बसले होते. दुपारी पावणेदोनला मोबाइलवर मेसेज: ग्राहक घरी उपलब्ध नाही, पिकअप रद्द. कुणी जिना चढलं नव्हतं, फोनही वाजला नव्हता. इतका संताप मला वर्षात आला नसेल. त्याच खुर्चीतून १९१५ लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. मराठीत बोलता येतं. बिल, व्हिडिओ, ते सगळे मेसेज जोडून तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. पाचव्या दिवशी टेम्पो आला आणि पुढच्या आठवड्यात पैसे परत आले. हा फोन मी पहिल्याच आठवड्यात करायला हवा होता. मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवले होते म्हणून निभावलं.

दुसरा बेंच गावातल्या दुकानातून घेतला, टेप घेऊन गेले. पॅडची उंची जमिनीपासून ४२ ते ४५ सेंटिमीटर असावी, पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेतही हेच माप चालतं. आडवं झाल्यावर माझे तळवे पूर्ण टेकतात का, ते झोपूनच पाहिलं. दुकानात झोपायला लाजू नका, बायकांनी तर मुळीच नाही. पाठ आणि बैठक यांच्यामधली फट हाताने चाचपा, सपाट केल्यावर चार बोटं आत जात असतील तर कमरेला टोचते. फोम अंगठ्याने दाबा, खालची फळी लागली तर नको. बैठकही उचलता यायला हवी, नाहीतर पाठ तिरकी केली की माणूस घसरत पुढे येतो. सात-आठ कोनांच्या मोहात पडू नका. सपाट, ३० अंश आणि खांद्यांसाठी जरा उभी, एवढं मला पुरतं. लेबलवरचं वजन बऱ्याचदा सपाट बेंचचं असतं, तिरक्याचं वेगळं विचारा.

आणि हो, गॅलरीत ठेवू नका. आपल्या मे महिन्यात रेक्झिन तडकतं. घामासाठी मी वर आपला टर्किश टॉवेल टाकते, चादर घसरते.

आता खाली रबरी मॅट आहे, फरशी वाजत नाही. पिन खट्‌ आवाज करत पूर्ण आत बसते. तरी डंबेल उचलायच्या आधी मी ती दर वेळी ओढून बघते.