साइट पडते, सौदा थांबत नाही

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा चालू असताना फाटकाशी गाड्या तुंबल्या, म्हणून आतली बोली थांबत नाही. ज्यांचा माल आधीच ढिगाला लागलाय त्यांचा विकला जातो, बाकीचे बाहेर हॉर्न वाजवत बसतात. बिटकॉइनसारख्या क्रिप्टोचा भाव उसळून त्याच्या खरेदी-विक्रीच्या एक्सचेंजची साइट बंद पडते तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. वेबसाइट, लॉगिन, शिल्लक दाखवणारा भाग हे फाटक. ऑर्डरी एकमेकींशी जुळवणारं मॅचिंग इंजिन हा आतला सौदा. विश्रामबागेतल्या घरून असे बरेच प्रसंग निभावून नेल्यावर माझी जी पद्धत बसली, ती याच फरकावर उभी आहे.

फाटक का तुंबतं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरून ठरतं. भाव चार-पाच टक्के हलला की ॲप स्वतःच हजारो-लाखो फोनवर सूचना पाठवतं आणि सगळे एकाच मिनिटात ते उघडतात. उघडताना एकच विनंती जात नाही. लॉगिन तपासणं, शिल्लक, पोर्टफोलिओ, भावांची यादी, चार्ट अशा अनेक विनंत्या एका दमात सुटतात. भाव सगळ्यांना सारखाच, तो कॅशमधून, म्हणजे एकदा काढून ठेवलेल्या प्रतीतून, वाटता येतो. शिल्लक मात्र ज्याची त्याची वेगळी, तिच्यासाठी डेटाबेसकडे जावंच लागतं. समजा डेटाबेसला १०० कनेक्शन आहेत आणि एक क्वेरी (माहितीची एक मागणी) ५ मिलिसेकंदांत सुटते, तर सेकंदाला २०,००० क्वेरी निघतात. गर्दीत तीच क्वेरी ५०० मिलिसेकंद घ्यायला लागली, की त्याच १०० कनेक्शनमधून सेकंदाला फक्त २०० निघतात. मागणी वाढली तेव्हाच क्षमता शंभरपटीनं घसरली. त्यात लोक रिफ्रेश दाबतात, ॲपही आपणहून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. दमलेला सर्व्हर तपासणीला वेळेत उत्तर देत नाही म्हणून गर्दी वाटून देणारा लोड बॅलन्सर त्याला बाजूला काढतो, आणि त्याचं ओझं उरलेल्यांवर पडतं.

क्लाउडवर सर्व्हर आपोआप वाढतात, हे खरं. पण लोड वाढल्याचं लक्षात येऊन नवा सर्व्हर कामाला लागेपर्यंत काही मिनिटं जातात, आणि गर्दी सेकंदांत येते. शिवाय वेब सर्व्हर वाढवले म्हणजे त्याच एका डेटाबेसवर आणखी हात पडले. तयारी करूनही चुकतं. २८ फेब्रुवारी २०२४ ला बिटकॉइन ६० हजार डॉलरच्या वर गेला तेव्हा अमेरिकेतल्या कॉइनबेसवर अनेकांना शिल्लक शून्य दिसली. कंपनीचे प्रमुख ब्रायन आर्मस्ट्राँग यांनी नंतर सांगितलं, की सुमारे दहापट गर्दी धरून चाचणी केली होती, प्रत्यक्षात त्याहून जास्त आली. पैसे कुठं गेले नव्हते. शिल्लक आणणारी क्वेरी अयशस्वी झाली की काही ॲपं ‘माहिती मिळाली नाही’ असं न म्हणता सरळ ० दाखवतात. मला ही बनवणाऱ्यांची सगळ्यात वाईट सवय वाटते.

यावरून निघणारी गोष्ट म्हणजे माल आधीच ढिगाला लावून ठेवणं. लिमिट ऑर्डर, म्हणजे ‘या भावाला किंवा त्याहून चांगल्यालाच’ अशी ऑर्डर, एक्सचेंजच्या सर्व्हरवर बसते, माझ्या फोनमध्ये नाही. कॉइन १०० रुपयांना असताना ११२ ला विक्रीची ऑर्डर लावून ठेवली, तर उसळीच्या वेळी माझं ॲप उघडो न उघडो, इंजिन चालू असेल तोवर ती तिच्या पाळीनं भरली जाते. एकाच भावाला अनेक ऑर्डरी असतील तर आधी लावणाऱ्याचा नंबर आधी. गोल आकड्यांवर गर्दी असते म्हणून मी ११२ ऐवजी १११.७० लावतो.

उतरतीसाठी स्टॉप-लिमिट लावताना मात्र एक खड्डा आहे. तिच्यात भाव स्टॉपला आला की ऑर्डर जागी होते, पण लिमिटच्या खाली विकत नाही. स्टॉप ९५, लिमिट ९४.५० असं लावलं आणि भाव ९५.२० वरून थेट ९३ ला पडला, तर ऑर्डर जागी होते खरी, पण ९४.५० ला गिऱ्हाईक नसतं. ती तशीच लटकते, भाव खाली निघून जातो. म्हणून दोन्ही आकड्यांत मी किमान तीन टक्के अंतर ठेवतो, स्टॉप ९५ तर लिमिट ९२. कमी व्यवहाराच्या कॉइनला त्याहून जास्त. गडबडीत मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला, तर नकोच. पडद्यावर दिसणारा भाव शेवटच्या झालेल्या सौद्याचा असतो, पुढचा तोच मिळेल असं नाही. रुपयात होणाऱ्या सौद्यांमध्ये ऑर्डर बुक (लागलेल्या ऑर्डरींची यादी) पातळ असतं, उसळीत आणखी पातळ होतं. विट्याच्या सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांना भाव आणि हाती पडणारा दर यातला फरक शिकवावा लागत नाही. मोबाइलवर शिकलेल्यांना तो पहिल्या दणक्यात कळतो.

बाकी तयारी थोडक्यात. एसएमएसचा ओटीपी गर्दीत उशिरा येतो आणि तोवर त्याची मुदत संपते, म्हणून फोनवरच आकडा तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप. त्यातला आकडा दर ३० सेकंदांनी बदलतो, तेव्हा फोनचं घड्याळ ऑटोमॅटिकवर हवं. घड्याळ एक-दोन मिनिटं सरकलेलं असेल तर बरोबर आकडाही नाकारला जातो. खरेदी करायची असेल तर रुपये आदल्या दिवशीच भरून ठेवावेत. चालू सेशनमधून विनाकारण लॉगआउट करू नये, कारण सगळ्यात लांब रांग लॉगिनलाच असते. दुसऱ्या एखाद्या एक्सचेंजवर केवायसी पूर्ण करून ठेवलेलं खातं असावं, तेही एफआययू-इंडियाकडे (केंद्राच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे) नोंदणी असलेल्या. ही नोंदणी मनी लाँडरिंगविरोधी कायद्यासाठी आहे. तिच्यामुळे आपल्या पैशांना विमा मिळत नाही, हे एजंट लोक सांगत नाहीत.

आता प्रत्यक्ष साइट अडकली की. आधी दुसरी कुठलीही साइट उघडून आपलं इंटरनेट तपासायचं, मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावर पाहायचं. नंतर एक्सचेंजची सेवा चालू आहे का ते सांगणारं त्यांचं स्टेटस पेज, जे बहुधा वेगळ्या सर्व्हरवर असतं. पडद्यावरचा आकडा नीट वाचावा. ५०३ म्हणजे सर्व्हर भरलाय, विनंती बहुधा आत गेलेलीच नाही. ४२९ म्हणजे तुमच्या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) फार विनंत्या आल्या. रिफ्रेश थांबवा, नाहीतर काही काळ दारच बंद होतं. गावातल्या केबल-फायबरवाल्यांकडे अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा आयपी असू शकतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या रिफ्रेशचा दंडही आपल्याला बसतो. अशा वेळी मोबाइल डेटा उपयोगी पडतो.

सगळ्यात घातक ५०४, किंवा नुसतंच फिरत राहिलेलं चक्र. त्याचा अर्थ ‘ऑर्डर गेली नाही’ असा नाही. अर्थ एवढाच, की उत्तर वेळेत परत आलं नाही. ऑर्डर इंजिनपर्यंत पोचून भरलेलीही असू शकते. काही ॲपं प्रत्येक ऑर्डरला वेगळा क्रमांक देऊन दुसरी तशीच आली तर नाकारतात, पण बटण पुन्हा दाबल्यावर नवाच क्रमांक तयार होत असेल तर दोन्ही चालतात. मी दुसऱ्यांदा कधीच दाबत नाही. आधी ‘लॉक्ड’ (ऑर्डरीसाठी अडकवलेली) शिल्लक पाहतो. २०,००० ची ऑर्डर लावली होती आणि वापरता येणारी रक्कम तेवढ्यानं कमी दिसली, तर ऑर्डर आत बसलेली आहे. ते पान उघडत नसेल तर ईमेल. तेही नसेल तर दोन मिनिटांनी, मग चारनं, मग आठनं, असं अंतर वाढवत बघायचं.

दुहेरी ऑर्डर आपल्याकडे जास्त महाग पडते, ती करामुळे. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के, वर उपकर, आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. समजा चुकून दुसऱ्यांदा घेतलेले २०,००० चे कॉइन १९,२०० ला विकावे लागले. ८०० रुपयांचा तोटा हिशेबात कुठं धरता येत नाही, १९२ रुपये टीडीएसमध्ये रिटर्न भरेपर्यंत अडकतात, दोन्ही बाजूंची फी आणि तिच्यावरचा जीएसटी वेगळा.

बँकेतून रक्कम गेली आणि वॉलेटमध्ये आली नाही, तर यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक काढा आणि पैसे कुठं अडकलेत ते आधी ठरवा. आयएमपीएसनं पाठवलेली रक्कम समोरच्या बँकेत जमाच झाली नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ती दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. यूपीआयनं दुकानदाराला करतो तसं पेमेंट असेल तर मुदत पाच दिवसांची. पण एक्सचेंजच्या खात्यात पैसे जमा झालेले असतील तर बँकेचा संबंध संपला, तक्रार एक्सचेंजकडेच. तक्रारीच्या तिकिटात वेळ, रक्कम, संदर्भ क्रमांक, घड्याळ दिसेल असा स्क्रीनशॉट आणि ऑर्डरचा प्रकार एवढंच लिहावं. ‘माझं इतकं नुकसान झालं’ याला उत्तर येत नाही, कारण साइट बंद असतानाच्या तोट्याची जबाबदारी आपली नाही असं बहुतेक एक्सचेंजांच्या अटींत आधीच छापलेलं असतं. ‘ऑर्डर रद्द केल्यावरही भरली गेली’ याला येतं, कारण त्याचा लॉग त्यांच्याकडे असतो.

या गडबडीत गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका. भामट्यांना गिऱ्हाईक त्याच तासात मिळतं. ते स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला सांगतात. कुणी गंडवलाच गेला तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

साइट पूर्ववत झाली की पहिलं काम ट्रेड हिस्टरीची सीएसव्ही फाइल उतरवून स्वतःच्या नोंदींशी ताडणं. तिच्यातली वेळ बहुधा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, आपल्याहून साडेपाच तास मागे. ५ डिसेंबर २०२४ ला बिटकॉइननं एक लाख डॉलर ओलांडले तेव्हा इथं सकाळचे आठ वाजून गेले होते. अशा फाइलीत त्या वेळचा सौदा पहाटे अडीच-पावणेतीनचा दिसतो. एरवी त्यानं बिघडत नाही. पण १ एप्रिलला पहाटे दोनला झालेली विक्री फाइलीत ३१ मार्च, रात्री ८.३० अशी येते, म्हणजे चक्क आदल्या आर्थिक वर्षात. सीएकडे फाइल देण्याआधी मी वेळेच्या रकान्यात ५ तास ३० मिनिटं मिळवून नवा रकाना करतो, आणि मूळ फाइलला हात न लावता वेगळी ठेवतो.