नोंद ११ : लोहगाव कळसूबाईच्या वर जातं तेव्हा

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की विमान उडवायच्या अभ्यासातलं हवामान संपलं, आता नॅव्हिगेशन. कसलं काय. दोन आठवडे डेन्सिटी अल्टिट्यूडपाशीच (हवा किती विरळ आहे त्यावरून काढलेली उंची) अडकलोय.

माझी समजूत अशी, की अल्टिमीटर (उंची दाखवणारं घड्याळ) नीट लावला की उंचीचा प्रश्न मिटला. सिम्युलेटरमध्ये सेसना १७२ (चार आसनी छोटं विमान) लोहगावच्या रनवेवर उभी करायची, क्यूएनएच (समुद्रसपाटीला धरलेला त्या वेळचा हवेचा दाब) फिरवायचा, काटा १९४२ फुटांवर आला की निघायचं. (खऱ्या आयुष्यात हवाई दलाच्या त्या तळावर मला सेसना घेऊन कोण फिरकू देणार म्हणा.) पण काटा फक्त दाब मोजतो. पंख, प्रोपेलर आणि इंजिन या तिघांना हवा किती दाट मिळते यावर सगळं ठरतं, आणि ते सांगणारं घड्याळ पॅनेलवर नाहीच. वही-पेन्सिल घ्यावी लागते.

मे महिन्याची दुपार घेतली. तापमान ४०, क्यूएनएच १००५. प्रमाण दाब १०१३, म्हणजे ८ हेक्टोपास्कल कमी. एकाला ३० फूट धरले तर २४० फूट. हे मी आधी वजा केले! दाब कमी म्हणजे विमान आधीच वर चढलंय असं समजायचं, म्हणून मिळवायचे. प्रेशर अल्टिट्यूड, म्हणजे प्रमाण दाबाच्या हिशेबाने उंची, २१८२. त्या उंचीला प्रमाण तापमान किती? समुद्रसपाटीला १५, दर हजार फुटांना साधारण २ अंश उतरतं, म्हणजे १०.६. प्रत्यक्षात ४०. फरक २९.४, प्रत्येक अंशाला १२० फूट, झाले ३५२८. बेरीज ५७१०, हीच डेन्सिटी अल्टिट्यूड.

कळसूबाई ५४०० फूट. म्हणजे मे महिन्यात भर दुपारी लोहगावच्या रनवेवर उभ्या विमानाला मिळणारी हवा महाराष्ट्राच्या सर्वांत उंच शिखरावर प्रमाण हवामानात असेल त्याहून विरळ. वजाबाकीच्या चुकीने माझं उत्तर ५११० आलं होतं, शिखराच्या खाली. म्हणून तर पहिल्यांदा काही विशेष वाटलंच नाही.

मग तेच जानेवारीच्या पहाटेसाठी केलं : १० अंश, १०१६. उत्तर जेमतेम १७००. रनवे तोच, फरक चार हजार फुटांचा.

दोन्ही हवामानं सिम्युलेटरमध्ये लावून, वजन तेवढंच ठेवून, वारा शून्य करून स्टॉपवॉच लावलं. जानेवारीत चाकं २३ सेकंदांत सुटली, मे महिन्यात २९. दोन्ही वेळा ५५ नॉटलाच योक (विमानाचं स्टिअरिंग) ओढला होता. इथे आणखी एक गाठ सुटली. वेगाच्या काट्यावर ५५ दिसत असले तरी विरळ हवेत तेवढा आकडा दाखवायला विमानाला खरं तर ६० च्या आसपास पळावं लागतं. इंजिन अशक्त, प्रोपेलरची पकड सैल, वर पळायचंही जास्त. तिन्ही भार एकाच रनवेवर. वर गेल्यावर व्हीएसआय (चढाईचा वेग दाखवणारा काटा) मिनिटाला साडेचारशे फुटांच्या पुढे सरकेना. नाक उचलून चढाई वाढवायचा मोह झाला, उचललं, आणि स्टॉल वॉर्निंगचा (पंखांची उचल सुटायच्या बेतात असल्याचा) भोंगा ऐकला. ते करू नका.

मिक्स्चरबद्दल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या इंधन-हवेच्या मिश्रणाबद्दल, गेल्या वेळी विचारणा झाली होती. १७२ एसच्या हँडबुकात टेक-ऑफआधी लीन (इंधन कमी) करायचं ते ३००० फूट प्रेशर अल्टिट्यूडच्या वरच्या धावपट्टीवर. आपलं २१८२, त्यामुळे मी फुल रिचच (इंधन पूर्ण) ठेवलं.

आता दमटपणा राहिलाय. दमट हवा जड असते असं मी आजवर बिनधास्त सांगत आलो. पण पाण्याच्या वाफेचा रेणू १८ चा, कोरड्या हवेची सरासरी २९. म्हणजे दमट हवा हलकी! पुढच्या शनिवारी जुहू, जून, टाकी फुल, चार माणसं. वजनाचा तक्ता आधी भरतो, कारण चौघं आणि फुल टाकी हे गणित बसेल असं वाटत नाही.