आमची वाटचाल : बाइंडिंगकडून जतनाकडे

वडिलांनी सुरू केलेला आमचा व्यवसाय साध्या बाइंडिंगचा होता. खतावण्या, हजेरीपट, ग्रंथालयांची पुस्तकं. त्यांच्यामागे लोखंडी प्रेस, कटर आणि जुनी गिऱ्हाइकं माझ्याकडे आली. पण जुजबंदी करताना, म्हणजे पुस्तकाचे फर्मे (घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे) शिवताना, दोरा किती ओढायचा, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. जास्त ओढला तर फर्म्याची घडी फाटते, सैल सोडला तर कणा डुलतो. हे त्यांनी शेजारी बसवून हाताला शिकवलं. अशी हाताची विद्याही वारसाच, पण युनेस्कोच्या १९७२च्या करारात वारसा म्हणजे वास्तू आणि निसर्गस्थळं. कारागिरीसारख्या अमूर्त वारशासाठी वेगळा करार व्हायला २००३ उजाडलं. तोवर किती हात काही न शिकवताच थांबले असतील, याची मला आजही हळहळ वाटते.

पुढे लोक घरातले जुने कागद घेऊन येऊ लागले आणि कामाचं स्वरूप बदललं. चिंध्यांच्या लगद्याचा कागद शतकं उलटली तरी वाकतो; एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला लाकडाच्या लगद्याचा कागद मात्र आतल्या आम्लामुळे बोटांत तुटतो. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या १९६६च्या महापुराबद्दल वाचलं आणि दिशा मिळाली. त्या पुरात फारसा गोंद न लावता लवचिक चर्मपत्रात शिवलेली जुनी पुस्तकं तुलनेने चांगली टिकली होती.

तेव्हापासून एक नियम पाळतो : आपण केलेली दुरुस्ती पुढच्याला सोडवता आली पाहिजे. म्हणून गव्हाच्या स्टार्चची खळ आणि पातळ जपानी टिश्यू कागद. ओलावा दिला की ही खळ सुटते. लॅमिनेशनचं प्लास्टिक उष्णतेने कागदाच्या धाग्यांतच बसतं. त्याला आम्ही सरळ नाही म्हणतो, गिऱ्हाईक परत गेलं तरी.

समासातले हिशेब, लहान मुलांच्या रेघोट्या, आधीच्या कुणी घातलेलं ठिगळ, यांतलं काही काढायचं का, हा प्रश्न दर वेळी येतो. ठिगळ कागदाला ओढत असेल तर काढतो. लिहिलेलं कधीच पुसत नाही. ज्याने तो कागद सांभाळला, त्याचाही त्यावर हक्क आहे, असं मी मानतो.

प्रत्येक कामासोबत चिठ्ठी जाते : खळ कोणती, टिश्यू कोणता, कुठली पानं उसवून पुन्हा शिवली. सध्या नवीन मुली जुजबंदी शिकताहेत. त्यांच्या बोटांना दोऱ्याचा ताण कळू लागला की नकाशांच्या मोठ्या संग्रहांचं काम घ्यायचं ठरवलं आहे.