गोष्ट संपवायचा हक्क कुणाचा?

“सुपरहिरोंचे सिनेमेही बघतेस आणि जपानी अ‍ॅनिमेही. मग सांग ना, गोष्ट कोण चांगली सांगतं?” हे मला भाचेकंपनी विचारते, ऑफिसात डबा खाताना कुणीतरी विचारतं, आणि एका लग्नात तर जेवणाची पंगत उठली तरी आमचा हाच वाद चालू होता. विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. अ‍ॅनिमेवाल्यांना (अ‍ॅनिमे म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन) माझ्याकडून वदवून घ्यायचं असतं की जपानी लोक खोल आणि हॉलिवूड उथळ. मार्व्हल या अमेरिकन सुपरहिरो-कंपनीच्या चाहत्यांना ऐकायचं असतं की कार्टून ते कार्टूनच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मला यातलं काहीच पटत नाही. मी दोन्हीकडे रडलेय आणि दोन्हीकडे जांभया दिल्यात. मला जो फरक दिसतो तो निव्वळ व्यवहाराचा आहे. ही गोष्ट संपवायचा हक्क कुणाकडे आहे, एवढाच.

(पुढे बरेच शेवट फोडणार आहे. ज्यांचं बघायचं राहिलंय त्यांनी आपल्या जबाबदारीवर वाचावं.)

आधी एक नेहमीचं उत्तर बाजूला काढते. ‘सिनेमा दोन-अडीच तासांचा, मालिकेला वेळच वेळ, म्हणून अ‍ॅनिमेत माणसं नीट उभी राहतात’ असं म्हणतात. जरा हिशेब करू. ‘फुलमेटल अल्केमिस्ट : ब्रदरहुड’ या अ‍ॅनिमे मालिकेचे ६४ भाग, एकेक साधारण चोवीस मिनिटांचा, म्हणजे पंचवीस-सव्वीस तास झाले. २००८च्या ‘आयर्न मॅन’पासून २०१९च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’पर्यंत मार्व्हलचे २२ सिनेमे आले, ते सगळे मिळून चाळीस तासांच्या पुढे जातात. म्हणजे वेळ मार्व्हलकडेच जास्त होता.

आता हक्काचं. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅन १३० डॉलरला प्रकाशकाला विकून टाकला. अमेरिकेतल्या मोठ्या सुपरहिरोंचा कारभार पुढे बराचसा याच धर्तीवर चालला. पात्र कंपनीचं, लेखक-चित्रकार येणारे-जाणारे. कंपनीच्या मालकीचा हिरो म्हातारा होऊन चालत नाही, आणि मेला तरी फार दिवस मेलेला राहून चालत नाही. १९९२मध्ये सुपरमॅनला मारलं तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता. पुढच्याच वर्षी स्वारी परत हजर.

जपानात गाजलेलं बरंचसं अ‍ॅनिमे मंगावरून, म्हणजे तिकडच्या कॉमिक्सवरून येतं, आणि मंगाचे हक्क साधारणपणे ती काढणाऱ्याकडेच राहतात. म्हणून तिकडे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. वाचकांची मतं मोजून मालिका अर्ध्यात बंद करतात, दर आठवड्याला पानं देता देता चित्रकारांच्या तब्येतीची वाट लागते. पण गोष्ट जगली-वाचली तर ती कुठे थांबवायची हे निदान लिहिणाऱ्याला ठरवता येतं. हिरोमू अराकावा यांनी ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ २००१मध्ये सुरू केली आणि २०१०मध्ये संपवली. सत्तावीस खंड, आणि विषय संपला.

तिचीच गोष्ट सांगते, कारण फरक तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतो. एडवर्ड आणि अल्फोन्स हे दोघे भाऊ मेलेल्या आईला किमयेच्या जोरावर परत आणायला जातात. त्यात थोरल्याचा एक हात आणि एक पाय जातो, धाकट्याचं सगळं शरीर जातं आणि त्याचा आत्मा एका लोखंडी चिलखतात अडकून राहतो. या जगाचा नियमच असा आहे की काही मिळवायचं तर तेवढ्याच मोलाचं काही द्यावं लागतं. शेवटी भावाचं शरीर परत आणण्यासाठी एडवर्ड काय देतो? किमया करण्याची स्वतःची ताकद. ज्या एका गोष्टीमुळे तो हिरो होता तीच तो देऊन टाकतो, कायमची. हात परत मिळतो, पाय मात्र शेवटपर्यंत लोखंडाचाच राहतो.

आता हाच प्रसंग सुपरहिरोंकडे बघा. ‘सुपरमॅन २’मध्ये सुपरमॅन प्रेमापायी शक्ती सोडतो आणि शेवटच्या मारामारीआधी परत मिळवतो. ‘आयर्न मॅन ३’च्या शेवटी टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, आपले सगळे सूट उडवून देतो, छातीतला रिअ‍ॅक्टर काढून समुद्रात फेकतो. एका माणसाच्या आयुष्याचा केवढा मोठा निर्णय! दोनच वर्षांनी, २०१५मध्ये, पुढच्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’च्या पहिल्याच प्रसंगात तो नव्या सूटमध्ये उडताना दिसतो, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. ‘आयर्न मॅन ३’ लिहिणाऱ्यांना शेवट सुचला नव्हता असं कसं म्हणणार? चांगलाच सुचला होता. तो टिकवणं त्यांच्या हातात नव्हतं.

गंमत म्हणजे ‘फुलमेटल’चीही हीच गत एकदा होऊन गेली आहे. २००३मध्ये तिच्यावर पहिली मालिका आली तेव्हा मंगा निम्मीही झाली नव्हती. मालिका पुढे पळाली, आणि मग तिने स्वतःचा वेगळाच शेवट बांधला. तो काही टाकाऊ नाही, मला त्यातला उदासपणा आवडतो. पण २००९मध्ये तीच गोष्ट पहिल्यापासून पुन्हा करायला घेतली (हीच ती ‘ब्रदरहुड’), ती अराकावांच्या शेवटापर्यंत न्यायची म्हणून. मंगा २०१०च्या जूनमध्ये संपली, मालिका जुलैत. शेवटाची एवढी किंमत ठेवली गेली, याचं मला अजून कौतुक वाटतं.

शेवट आपल्या हातात असला की आधीच्या गोष्टीही बदलतात, विशेषतः शत्रू. हायाओ मियाझाकी यांचा १९९७चा ‘प्रिन्सेस मोनोनोके’ मंगावरचा नाही, थेट सिनेमाच. त्याची सुरुवात मात्र अगदी सुपरहिरोची आहे. अशिताका नावाचा तरुण गावावर चालून आलेल्या पिसाट रानडुक्कर-देवाला मारतो, त्या झटापटीत त्याच्या हाताला शाप चिकटतो, आणि त्या हातात अचाट बळ येतं. त्याने सोडलेल्या बाणाने माणसांचे हात आणि मुंडकी उडतात. स्पायडर-मॅनच्या पीटर पार्करला कोळी चावतो तसंच की हे! पण पीटरला मिळालेली शक्ती स्वतः निर्दोष असते. चोराला त्याने जाऊ दिलं, त्या चोराच्या हातून काका गेले, आणि अपराधी भावना तिथून आली. अशिताकाचं बळ आणि त्याचं मरण एकाच जखमेत आहे. राग आला की हात वळवळतो, आणि डाग पसरत जातो.

त्या डुकराच्या अंगात लोखंडाची गोळी सापडते. तिचा माग काढत अशिताका एबोशी नावाच्या बाईपाशी पोचतो. ती जंगल तोडून लोखंड गाळते, बंदुका बनवते, देवांवर गोळ्या झाडते. सुपरहिरोच्या सिनेमात इथे व्हिलन मिळाला असता आणि पुढचा तास धुलाईचा असता. पण एबोशीच्या वस्तीत भाता चालवणाऱ्या बायका तिने कुंटणखान्यातून सोडवून आणलेल्या आहेत. बंदुका बनवणारे कुष्ठरोगी आहेत, ज्यांना दुसऱ्या कुणी दारात उभं केलं नसतं आणि ज्यांच्या जखमा ती स्वतः धुते. हे सगळं खरं, आणि तिच्या गोळीने अशिताकाचं आयुष्य नासलं हेही खरं. सिनेमा दोन्हीपैकी एकही गोष्ट मागे घेत नाही. शेवटी तिचा एक हात जातो, वस्ती उद्ध्वस्त होते, आणि ती उरलेल्या लोकांना म्हणते की पुन्हा उभारू, यावेळी चांगलं गाव करू. तिकडे लांडग्यांनी वाढवलेली सान अशिताकाला सांगते की तू मला आवडतोस, पण माणसांना मी माफ करू शकत नाही. ती जंगलात राहते, तो वस्तीत. हाताचा डाग फिकटतो, पण खूण राहतेच.

याच्या शेजारी २०१८चा ‘ब्लॅक पँथर’ ठेवते, कारण मार्व्हलमधला माझ्या मते सगळ्यात विचार केलेला व्हिलन त्यात आहे. किलमाँगर विचारतो, जगभर आपली कृष्णवर्णीय माणसं चिरडली जात असताना एवढी ताकद बाळगून वकांडा हा आपला आफ्रिकी देश लपून का बसला? प्रश्न बिनतोड आहे, इतका की शेवटी राजा टी’चाला, म्हणजे खुद्द ब्लॅक पँथर, वकांडाची दारं उघडतो. पण प्रेक्षक किलमाँगरच्या फार जवळ जाऊ नयेत म्हणून पटकथा त्याला स्वतःच्या मैत्रिणीला गोळी घालायला लावते, आणि शेवटी मारूनही टाकते. प्रश्न विचारणारा गेला की पुढच्या सिनेमाला रस्ता मोकळा. एबोशीसारखी अर्धी बरोबर असलेली बाई जिवंत ठेवली, तर पुढच्या भागात हिरोने ठोसा मारायचा कुणाला? ‘मोनोनोके’ला पुढचा भाग नव्हता. मियाझाकींना तो पेच सोडवायचाच नव्हता.

आता कुणीतरी म्हणेलच, मग डोरेमॉनचं काय? बरोबर आहे, आपल्याकडे घराघरात पोचलेलं जपान तेच. नोबिता कधी चौथीच्या-पाचवीच्या पुढे सरकला नाही. डोरेमॉनचे जनक फुजिको एफ. फुजिओ १९९६मध्ये गेले, शिनचॅनचे योशितो उसुई २००९मध्ये. दोघांची पात्रं अजून तशीच चालू आहेत. ‘नारुतो’ या मालिकेतल्या फिलर, म्हणजे मूळ मंगात नसलेल्या भरतीच्या भागांबद्दल तर बोलायलाच नको. तेव्हा हा जपानी रक्ताचा गुण नव्हे. बाहुल्या, दप्तरं, डबे विकणारं पात्र कुठल्याही देशात अमर होतं.

उलट, सुपरहिरोच जपानी माणसाच्या हातात दिला तर काय होतं तेही बघून झालंय. कोहेई होरिकोशी यांची ‘माय हिरो अ‍ॅकॅडेमिया’ २०१४ ते २०२४ चालली. अमेरिकन कॉमिक्सवरचं प्रेम त्यांनी लपवलेलं नाही. त्यातला सर्वांत मोठा हिरो ऑल माइट ठोसे मारताना डेट्रॉइट, टेक्सस अशी अमेरिकन नावं ओरडतो! मसाला सगळा तिकडचा. पण ऑल माइटची शक्ती संपते ती संपतेच. ज्याला त्याने ती दिली त्या डेकूचीही शेवटी संपते, आणि तो शाळेत शिक्षक होतो. अगदी शेवटी दोस्त मंडळी त्याला एक खास सूट बनवून देतात, म्हणजे तो पुन्हा हिरोगिरी करू शकेल. चाहत्यांनी केवढा दंगा केला, हिरोचा मास्तर केला म्हणून. मला शेवट आवडला. सूट नसता दिला तरी चाललं असतं.

एवढं बोलून झाल्यावर लोकांना वाटतं की मी सुपरहिरोंना नावं ठेवतेय. तसं नाही. न संपणाऱ्या गोष्टीची एक वेगळी मजा असते आणि ती मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. कोकणात दशावतार बघायला बसलेल्या माणसाला कीचक मरणार हे ठाऊक असतं. तो बघायला येतो ते आजचा कीचक कसा बोलतो, कारण संवाद तर नट उभ्या उभ्याच रचतात. स्पायडर-मॅन मी तसाच बघते. २००२मध्ये टोबी मॅग्वायर, २०१२मध्ये अँड्र्यू गारफिल्ड, मग टॉम हॉलंड. आख्यान तेच, संच बदलला. आणि २०१८च्या ‘स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स’ने तर या पुनरावृत्तीचीच गोष्ट केली. वेगवेगळ्या विश्वांतले स्पायडर-मॅन एकत्र आणले, प्रत्येकाने आपलं कुणीतरी गमावलेलं, आणि त्यांच्यामध्ये एक नवखा पोरगा. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांतला तो सर्वांत चांगला सुपरहिरो सिनेमा आहे, आणि त्याला अ‍ॅनिमेशनचं ऑस्कर मिळालं ते योग्यच झालं.

सिनेमावाल्यांना कॉमिक्सवाल्यांपेक्षा एक सोय जास्त आहे. कागदावरचा टोनी स्टार्क म्हातारा होत नाही, पण त्याचं काम करणारा रॉबर्ट डाउनी ज्युनियर होतो. ‘एंडगेम’मध्ये स्टार्क मेला तेव्हा थिएटरात हुंदके ऐकू आले, कारण लोकांनी अकरा वर्षं एकाच माणसाचा चेहरा बदलताना बघितला होता. तो शेवट खरा वाटला. मग जुलै २०२४मध्ये जाहीर झालं की डाउनी परत येतोय, यावेळी डॉक्टर डूम या व्हिलनच्या भूमिकेत. पात्र वेगळं आहे, मान्य. तरी बातमी वाचून मी कपाळाला हात लावला. तिकीट काढणार नाही असं मात्र म्हणत नाही.

या वादानंतर आणखी एक प्रश्न हमखास येतो, सुरुवात कुठून करू? लहान मुलं बरोबर नसतील तर ‘मोनोनोके’. मालिका हवी असेल तर ‘फ्रीरेन’, २०२३मध्ये आलेली. सुपरहिरोचा सिनेमा जिथे संपेल तिथे ही सुरू होते. दहा वर्षांच्या मोहिमेनंतर राक्षसांचा राजा मेलाय, चौघे वीर राजधानीत परततात, जल्लोष होतो. त्यांतली फ्रीरेन हजारो वर्षं जगणाऱ्या जमातीतली. ती सहज पन्नास वर्षांनी भेटू म्हणते, तिच्या लेखी परवाच. पन्नास वर्षांनी येते तर नायक हिम्मेल टकला म्हातारा झालेला, आणि लवकरच जातो. त्याला पुरताना ती रडते, की दहा वर्षं बरोबर असून मी याला जाणून का घेतलं नाही. आणि हे सगळं पहिल्याच भागात.

पुढे सगळं संथ आहे, मारामारीसाठी धीर धरावा लागतो, आधीच सांगून ठेवते. माझ्या भाच्याने दोन भाग बघून सोडली. त्याची आई मात्र रोज रात्री भांडी आवरली की एक भाग बघते, आणि मग फोन करून मला त्यावर बोलायला लावते.