ब्रूजमधला सोललेला न्यायाधीश: आधी डावी फळी बघा

बेल्जियममधल्या ब्रूजचं हे चित्र कळायला आधी पंधराव्या शतकातल्या डिर्क बाउट्सची न्यायचित्रं, म्हणजे न्याय करणाऱ्यांना धडा म्हणून रंगवलेली चित्रं, बघा. पण ती ल्यूव्हन शहराच्या नगरभवनात शोधायला जाऊ नका. ती तिथल्यासाठीच रंगवली होती, म्हणून लोक फसतात आणि अर्धा दिवस वाया घालवतात. ती ब्रसेल्सच्या रॉयल म्युझियममध्ये आहेत, सेंट्रल स्टेशनपासून पाच-सात मिनिटं चढावर. सोमवारी बंद. त्याच काळातल्या रोखियर व्हान डेर वेडन या चित्रकाराची न्यायचित्रं मात्र ब्रसेल्समध्येही शोधू नका. ती 1695 च्या तोफमाऱ्यात जळाली. त्यांच्यावरून विणलेला पडदा स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आहे.

बाउट्सच्या दोन्ही फळ्या, म्हणजे लाकडावर रंगवलेली चित्रं, सव्वातीन मीटर उंच आहेत, तेव्हा चार पावलं मागे उभे राहा. गोष्ट अशी: राणीने खोटा आळ घेतला, सम्राट ओटोने एका सरदाराचं डोकं उडवलं आणि त्याची विधवा तो निर्दोष होता हे तापलेलं लोखंड धरून सिद्ध करतेय. तिच्या एका हातात नवऱ्याचं मुंडकं, दुसऱ्यात तापलेली लोखंडी पट्टी, आणि हात भाजलेला नाही. दोषी ठरतो तो खुद्द सम्राटाचा निवाडा. राणी मागे चितेवर जळतेय. सूड राणीचा होता, न्याय लोखंडाने केला. एवढं डोक्यात ठेवून ब्रूजची गाडी पकडा, साधारण तासाभराचा प्रवास. उलट क्रमाने गेलात तर ब्रूजचं चित्र नुसतं क्रौर्य वाटेल.

ब्रूज स्टेशनपासून ग्रूनिंगे म्युझियमपर्यंत वीस मिनिटं चाला. घोडागाडी करू नका. सुट्टीचा वार निघण्याआधी तपासा.

आता चित्रकार जेरार्ड डेव्हिडचं कँबायसिसचं चित्र, 1498. पर्शियाचा राजा कँबायसिस लाचखोर न्यायाधीश सिसाम्निसला जिवंत सोलायची शिक्षा देतो, ती गोष्ट इथे दोन फळ्यांवर आहे. गर्दी उजव्या फळीपुढे थांबते, फोटो काढते आणि ‘राजाचा सूड’ म्हणून पुढे सरकते. पैसे मोजून घेतलेला गाईडही तेवढंच सांगणार असेल, तर ते पैसे वाचवा. सुरुवात डाव्या फळीपासून करा आणि तिला निदान अर्धा तास द्या. वर डावीकडे, घराच्या ओसरीत, लाचेची थैली हातोहात जाते. पुढे कँबायसिस बोटांवर एकेक आरोप मोजतोय आणि सिसाम्निसचा दंड एकाने धरलाय. वरच्या बाजूला दोन गोल पदकं आहेत. त्यांतल्या एकात अपोलो आणि मार्सियास. ग्रीक कथेत अपोलो देव मार्सियासला जिवंत सोलतो, म्हणजे पुढे सोलली जाणारी कातडी अटकेच्या क्षणीच भिंतीवर लिहिलेली आहे. तेव्हाचा इथला राज्यकर्ता फिलिप आणि त्याची बायको हुआना यांची राजचिन्हंही इथेच. हे चित्र नगरभवनात न्यायदान करणाऱ्यांच्या दालनासाठी होतं, त्यामुळे ही खूण थेट त्यांच्यासाठी.

पदकं बारीक आहेत. साध्या दुर्बिणीचा फोकस एवढ्या जवळ बसत नाही. एक मीटरच्या आत फोकस होणारी, चार ते सहा पट मोठं दाखवणारी एकनळी दुर्बीण न्या.

मगच उजवीकडे वळा. पायाची कातडी पायमोजा उतरवावा तशी निघतेय. सोलणाऱ्याने सुरी दातात धरलीय, कारण दोन्ही हात ओढण्यात गुंतलेत. टेबलाखाली लाल झगा पडलाय. आता चेहरे बघा. राजा शांत, बघे शांत, एकाच्याही डोळ्यात राग नाही. सूड असा दिसत नाही. ही हुकमाची अंमलबजावणी आहे.

पाय थकले तरी वरचा उजवा कोपरा सोडू नका. तीच कातडी खुर्चीवर पसरलीय आणि तिच्यावर न्यायाला बसलाय सिसाम्निसचाच मुलगा, ओटानेस.